छप्पन म्हणजे वय नव्हे

बी.ए. होऊन मी शहाद्याला परत आलो, तेव्हा आमच्या शाळेच्या कमिटीने नुकताच एक नियम केला होता. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्याने घरी जायचं. गावात शिकून रिकामे बसलेले तरुण वाढले होते, त्यांना जागा व्हावी हा हेतू. त्या नियमाने माझे गणिताचे मास्तर घरी गेले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, म्हणून वडिलांनी गल्लीत गूळ वाटला. मीही तो खाल्ला. त्या दिवशी मास्तरांच्या घरी काय चाललं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही, हे कबूल करतो.

तो विचार आला पंधरा दिवसांनी, आबांच्या हातात कागद पडला तेव्हा.

आबा म्हणजे शाळेचे शिपाई. मी विद्यार्थी असताना एकदा वर्गातच हिवतापाने पडलो होतो. तेव्हा आबांनी मला पाठीवर घेऊन ब्राह्मणपुरीला, माझ्या गावातल्या घरापर्यंत पोचवलं होतं. आता त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, वय छप्पन, पुढच्या महिन्यापासून कामावर येऊ नये.

"आबा, तुमचं वय छप्पन?" मी विचारलं.

"मन्हं वय मले काय माहीत? त्या नवा कारकूननी इचारं, मी सांगं, छप्पनमा मी धाकला व्हतू. त्यानी छप्पन लिखी टाकं!"

कारकून पुण्याकडचा. आमच्याकडे छप्पन म्हणजे विक्रम संवत एकोणीसशे छप्पनचा दुष्काळ, हे त्याला कुठून ठाऊक असणार? आमची म्हातारी माणसं आपलं सगळं आयुष्य त्या सालापासून मोजत. छप्पनच्या आधीचं लग्न, छप्पननंतरची विहीर. त्या सालाला आता छत्तीस वर्षं झाली होती. त्यात उन्हातान्हाने आबांचा चेहरा असा सुरकुतला होता की कारकुनाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

आबांच्या घरात माणसं दोनच. बायको गेलेली, मुलं जगली नव्हती. राहिली होती आई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेली. आबांचा पगार थांबला तर एक म्हातारा दुसऱ्या म्हातारीला काय खाऊ घालणार, हा साधा प्रश्न होता.

मी अर्ज लिहिला. कारकून म्हणाला, "वयाचा पुरावा आणा." मी आबांच्या आईचं नाव सुचवलं. तो म्हणाला, "आईची साक्ष चालत नाही. ती मुलाच्याच बाजूने बोलणार."

ते ऐकून म्हातारी खाटेवर उठून बसली. "मी जलम दिना याले! मन्ही साक्ष चालत नही? मंग काय त्या कारकूनले जलमनी येळले बलावाले पाहिजे व्हतं?"

शेवटी साक्षीला आले पिंजारीचाचा. बाजारात त्यांचं कापूस पिंजायचं दुकान होतं. छप्पनमध्ये ते आणि आबा एकाच दुष्काळी कामावर खडी फोडायला होते. कमिटीचे अध्यक्ष वकील होते. त्यांच्यासमोर चाचांनी टोपी नीट केली आणि एका दमात सांगून टाकलं.

"वकीलसाहेब, ये उस वक्त तेरा बरस का था. मैं अठरा का. वहाँ बच्चे को कम अनाज मिलता था, तो इसने सोला बरस का हूँ बोलके बडे का काम लिया. हाथ में छाले पडे, मगर बोला नहीं."

हे सांगायचं ठरलं नव्हतं. आबा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरू लागले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे यानं एकदा पोटासाठी वय वाढवलं. आज पोटासाठी कमी करत नसेल कशावरून?"

"तब बच्चे को कम मिलता था, साहेब, अब बूढे को कुछ नहीं मिलता," चाचा म्हणाले. "झूट तो कायदा बुलवाता है."

त्यावर अध्यक्षच हसले. तेरा आणि छत्तीस एकोणपन्नास, म्हणजे आबांना खरं तर सहा वर्षं मिळायला हवी होती. त्यांनी दिली तीन. वकिलाने तडजोड केली. बाहेर आल्यावर मी कुरकुर केली, तेव्हा आबाच म्हणाले, "राहू द्या मास्तर. तुम्हनी खुर्ची कशी खाली हुईनी, ते दखा."

गणिताच्या मास्तरांना तेवढीही मिळाली नाहीत, एवढंच त्यांना म्हणायचं होतं; मनात टोमणा नव्हता. पण मला तो लागला.

त्या तीन वर्षांत मी कमिटीपुढे एकच मागणी पुन्हा पुन्हा ठेवली. दरमहा प्रत्येकाच्या पगारातून थोडं कापावं, तितकंच शाळेने घालावं आणि माणूस घरी जाताना ती रक्कम त्याच्या हाती द्यावी. पहिला विरोध आमच्या शिक्षकांनीच केला. "म्हातारं होईपर्यंत जगतो कोण?" एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. त्यांचं हसणं मी समजू शकतो. पटकी आणि प्लेग पाहिलेली ती माणसं. म्हातारपण हे त्यांना दैवाने दिलं तर मिळणारं दान वाटे. त्याची सोय करायची असते, असं कुणी शिकवलंच नव्हतं. मी माझ्या गणिताच्या मास्तरांचं आणि आबांचं उदाहरण देत राहिलो.

कमिटीने मागणी मान्य केली, पण फार उशिरा. आबांचा शेवटचा आठवडा चालू होता आणि योजना पुढच्या महिन्यापासून लागू होणार होती. आबांना तिच्यातून काहीच मिळणार नव्हतं. चाचांनी त्यांना दुकानात बसून गाद्यांना टाके घालायचं काम देऊ केलं होतं, तेवढाच आधार. म्हातारी अजून होती.

संमतीच्या सह्या घ्यायचं रजिस्टर वर्गावर्गात फिरवायचं काम शिपायाचं. ते आबांनीच फिरवलं. माझ्या वर्गात आले, रजिस्टर टेबलावर उघडून धरलं आणि दौत पुढे सरकवली. मला मान वर करवेना.

"सही करा, मास्तर," आबा म्हणाले. "म्हातारं होवानं शे ना तुम्हले बी?"

मी सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि रजिस्टर मिटून पुढच्या वर्गाकडे गेले.