कापसाच्या घरातला दिवा

दुरुस्तीच्या दुकानातून वस्तू परत जाते, पण तिच्याबरोबर आलेली गोष्ट दुकानातच राहते. कळंबला लतीफभाईंच्या रेडिओ-बॅटरीच्या दुकानात मी पंधरा वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत स्क्रू हरवले, पाने हरवले, पण गोष्ट एकही हरवली नाही. आजही चार माणसं चहाला बसली की म्हणतात, "देवाभाऊ, ते सोलरचं सांगा." मी सांगतो, ते हसतात. आता मीही हसतो. त्या वर्षी मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

कापसाची ती वाईट वर्षं. भाव पडलेला, म्हणून लोक कापूस विकायला न नेता घरातच भरून ठेवायचे. आज वाढेल, उद्या वाढेल. राळेगाव रस्त्यावरच्या एका गावात तर घरं अशी भरली होती की माणसं कापसावरच झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. त्यात लोडशेडिंग. दिवस मावळला की लाइट गेलीच. मग घरोघरी रॉकेलची चिमणी पेटायची, आणि चिमणीपासून दोन हातांवर आढ्यापर्यंत कापूस.

एका संस्थेनं त्या गावात सोलरचे दिवे द्यायचं ठरवलं. छपरावर पॅनल, कोपऱ्यात बॅटरी, घरात दोन दिवे. बसवायचं काम लतीफभाईंकडे आलं, म्हणजे माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी पारावर सगळा गाव जमला. मी एक दिवा लावून दाखवला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "चिमणी विसरा आता. याच्यानं आग लागत नाही."

लोक खूश झाले. लतीफभाईंनी मात्र मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "नहीं लगती, बोल दिया तूने. लिख के देगा?"

माझी काळजी सुरू झाली ती तिथून. बारा व्होल्टची बॅटरी, हाताला झटकासुद्धा बसत नाही. पण दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर तीच बॅटरी तार लालभडक करते, हे मला ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं. गाव माझ्या शब्दावर कापसात झोपणार होतं.

* * *

पहिली तक्रार पांडुरंगकाकांची. हे गावातले हौशी गृहस्थ, प्रत्येक कामात पुढे. म्हणाले, "तुमचा दिवा दहा मिनिटं जयते आन डोये मिटते."

मी धावत गेलो. वायर नीट, बॅटरी नवी. छपरावर चढलो तर पॅनलवर काकूंचं जुनं लुगडं पसरलेलं, चार कोपऱ्यांना चार दगड.

"काका, हे काय?"

"नवी चीज हाय. दिवसभर उन्हात राह्यली तं रंग उडन ना. ऊन उतरलं का काढून घेतो."

म्हणजे सूर्य मावळायला लागला की काका पॅनल उघडं करत! मी त्यांना समजावलं की याचं जेवणच ऊन आहे. त्यांनी लगेच लुगडं काढलं, शिवाय उपाशी ठेवल्याबद्दल हळहळलेही. मी हसत खाली उतरलो, घरात डोकावलो आणि हसू गेलं. दिवा लागत नाही म्हणून काकूंनी चिमणी परत काढली होती. ती कापसाला टेकूनच ठेवलेली होती.

त्या दिवसापासून मी दर रविवारी त्या गावात चक्कर टाकायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना मी हवा हुंगायचो, जळल्याचा वास येतो का म्हणून. बायको म्हणायची, "आपल्या घरी तूर हाय. कापूस त्या गावात हाय. जेवा."

* * *

पुढच्याच रविवारी सिंधूताईंकडे गेलो, तर बॅटरीच जागेवर नाही. दिवा मात्र लागलेला. सिंधूताई मोठ्या हुशार बाई, बचत गटाच्या अध्यक्ष. मी विचारलं, "बॅटरी कुठं आहे?"

त्यांनी आधी दार लोटलं. मग कापसाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "तिकडं बाजूच्या गावात बॅटऱ्या चोरीले गेल्या म्हणते. म्हणून पुरून ठेवली. चोर कापसात हात घालत नाही."

तारा सरळ ढिगात शिरत होत्या. मी खांद्यापर्यंत हात घालून ती बॅटरी बाहेर काढली. चार्ज होताना हिच्यातून गॅस निघतो, टर्मिनल ढिलं झालं तर ठिणगी पडते, हे सगळं मी सांगितलं. सिंधूताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच तं म्हनलं, याच्यानं आग लागत नाही."

मी बॅटरी कापसापासून लांब, कोपऱ्यात मांडली. मी नवा खिळा ठोकला, तारा वर बांधल्या आणि निघालो.

* * *

पण खरा घाम फोडला तो पुन्हा पांडुरंगकाकांनीच.

प्रत्येक सेटला एक छोटा फ्यूज असतो. काही गडबड झाली की तो आधी जळतो आणि घर वाचतं. काकांकडे टेपरेकॉर्डर होता. त्यांनी तोही त्याच बॅटरीला जोडला. फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला.

मी गेलो तेव्हा काका अंगणातच वाट पाहत होते. "देवा, तुमच्या कंपनीनं तार लय कच्ची देल्ली होती. घडी घडी तुटे. मी पक्की करून टाकली."

उघडून पाहिलं. फ्यूजच्या जागी तंबाखूच्या पुडीतली चांदी, म्हणजे तो चकचकीत कागद, गुंडाळून, चेपून बसवली होती. घर जळून राख झालं असतं तरी ती तुटली नसती.

"काका, तुमच्याच घरी केलं ना हे फक्त?" मी विचारलं.

काका अभिमानानं म्हणाले, "पाच घरी करून देल्लं. कोनाले एक चहा नाई मागतला."

मी त्या गल्लीतून पळालो तसा शाळेच्या स्पर्धेतही पळालो नव्हतो. पाचही घरांतली चांदी काढली, नवे फ्यूज घातले. लतीफभाईंना सांगितलं, तर ते डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "उसको अपनी दुकान में रख ले. आँखों के सामने तो रहेगा."

* * *

आता गिरजाबाईंचं सांगतो. हे सगळं चाललं होतं तेव्हा गावात एकाच घरी दिवा लागला नव्हता, तो त्यांच्या.

साठीच्या बाई, एकट्या. मुलगा यवतमाळला कामाला. काही वर्षांपूर्वी चिमणी कलंडून त्यांच्या घरातला कापूस पेटला होता. माणसं वाचली, घर गेलं. गिरजाबाईंच्या उजव्या दंडावर त्याची खूण होती. तेव्हापासून घरात कापूस आला की त्या घरात काडी पेटवत नसत. चूल अंगणात मांडायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायच्या आणि कापूस विकला जाईपर्यंत, दोन महिने लागोत की चार, अंधारात बसायच्या. संस्थेच्या यादीत नाव होतं म्हणून सेट बसवू दिला. बटणाला मात्र हात लावला नाही.

एकदा सिंधूताईंकडे पाहुणे आले आणि त्यांची बॅटरी नेमकी उतरलेली. त्या गिरजाबाईंच्या दारात गेल्या. "मावशी, तुमची बॅटरी द्या ना आजच्या दिस. तुम्ही तं लावतच नाई."

गिरजाबाई उंबऱ्यातच बसलेल्या. म्हणाल्या, "दिवेलागणीची वेळ हाय. या टायमाले घरातून दूध देत नाई, मीठ देत नाई, आन तू उजेड मागतं?"

"अवो, पन तुमच्या घरी अंधारच हाय ना."

"असू दे. लावला नाई, पन उजेड माहाच हाय."

सिंधूताईंनी हे मला पारावर सांगितलं तेव्हा तिथं बसलेले सगळे हसले. मला मात्र जरा आशा वाटली. ज्या वस्तूला बाई आपली म्हणते, ती कधीतरी लावेलही.

* * *

गिरजाबाई दिवा लावत नाहीत हे ऐकून लतीफभाई म्हणाले, "मैं देखता हूँ." लतीफभाईंनी आजवर भलीभली माणसं पटवली होती. बंद रेडिओसुद्धा गिऱ्हाईकाला चालू वाटावा असं त्यांचं बोलणं.

त्यांनी गिरजाबाईंना अंगणात बसवलं. आपल्याजवळचा दिवा लावला. कापसाचा एक बोळा घेतला आणि थेट पेटलेल्या नळीवर ठेवला. आम्ही सगळे पाहत राहिलो. एक मिनिट झालं, पाच मिनिटं झाली. लतीफभाईंनी बोळा उचलून बाईंच्या तळहातावर ठेवला. "देखो मावशी. जला क्या?"

गिरजाबाईंनी बोळा उलटसुलट करून पाहिला. नाकाजवळ नेला. "नाई जयला."

"फिर?"

"आज नाई जयला, लतीफ. उद्याचं सांगतं का?"

लतीफभाईंनी दिवा विझवला. आम्ही मोटारसायकलवरून परत निघालो. कळंब जवळ आलं तेव्हा म्हणाले, "बाई सही बोलती है, देवा." मला हे नको होतं. ते काहीतरी खोडून काढतील अशी मी वाट पाहत होतो.

* * *

संक्रांतीच्या सुमाराला निरोप आला, गिरजाबाईंना विंचू चावला. अंधारात, कापसाच्या कडेला. मी रविवारची वाट न पाहता गेलो. पाय टम्म सुजलेला. सरकारी दवाखान्यातून परत येऊन त्या उंबऱ्यात बसल्या होत्या.

मी म्हणालो, "मावशी, दिवा असता तर दिसला असता ना."

"चावला तं मलेच चावला," त्या म्हणाल्या. "आग लागली असती तं साऱ्या आळीले लागली असती."

मी घरी आलो, पण मला चैन पडेना. विंचवाचं पाप माझ्याच डोक्यावर आहे असं वाटायला लागलं. उद्या साप निघाला तर? आणि दिवा लावायला लावला आणि तिसरंच काही झालं तर? दोन्हीकडून जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी मी कोरी वायर घेतली, नवे होल्डर घेतले आणि दुपारपासून गिरजाबाईंच्या घरी बसलो. एकूण एक जोड नव्यानं केला. टेपवर टेप गुंडाळली. तारा कापसापासून हातभर लांब घेतल्या. फक्त आढ्याखालच्या एका जोडाला जागाच नव्हती, तो ढिगाच्या अगदी वर येत होता. तोही शक्य तितका पक्का केला. दिवस कलला तेव्हा म्हणालो, "मावशी, आता लावा."

त्यांनी वर त्या जोडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू कापसावर बसतं का?"

"बसतो की."

"वर बस. त्या तारेपाशी."

मी ढिगावर चढून बसलो. गिरजाबाईंनी लंगडत येऊन बटण दाबलं. पहिल्यांदा दाबलं. घरभर पांढरा उजेड पडला. त्या उजेडाकडे त्यांनी पाहिलंही नाही. बाहेर गेल्या आणि त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली.

"मावशी, कडी काहून लावता?"

"दार उघडं राह्यलं तं तू पयशीन," बाहेरून आवाज आला. "माह्या भाकरी होतवर बस. मंग पाहू."

बाहेर चूल पेटल्याचा आवाज आला. मग पीठ थापल्याचा. मी आत, उजेडात, पांढऱ्या कापसाच्या ढिगावर. आधी मी ऐटीत बसलो होतो. पहिली भाकर तव्यावर पडली तेव्हा मी दिव्याकडे पाहिलं. दुसरीच्या वेळी तारेकडे. मग त्या जोडाकडे. टेपचं टोक जरा सुटल्यासारखं वाटलं. सुटलं नव्हतं. परत पाहिलं, परत सुटल्यासारखं वाटलं. एवढी घरं केली, इतके रविवार हिंडलो, पण मी बसवलेल्या दिव्याखाली कापसावर मी स्वतः कधी बसलो नव्हतो. खरं सांगतो, मला भीती वाटली. बटण बंद करावं म्हणून खाली उतरायला निघालो आणि परत बसलो. शेवटी मी तो जोड मुठीत धरला आणि तसाच बसून राहिलो.

किती भाकरी झाल्या, मोजल्या नाहीत.

कडी निघाली. गिरजाबाई ताट घेऊन आत आल्या. भाकर, वांग्याची भाजी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा. उजेडात त्यांनी आधी कापूस पाहिला, मग मला पाहिलं, मग माझी मूठ.

"हात कायले लावून बसला?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. म्हणालो, "गरम होते का, ते पाहून राह्यलो."

"झाली?"

"नाई."

"भेव वाटला?"

"वाटला."

त्यांनी ताट खाली ठेवलं. पिठाचे हात लुगड्याला पुसले. सुजलेला पाय सावरत ढिगावर चढल्या, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तो जोड आपल्या मुठीत घेऊन माझ्या शेजारी बसल्या.

"जेवून घे तू," त्या म्हणाल्या. "तवरक मी धरतो."