काळ्या पिशवीतले हात

भाच्याने आंधळ्या मामीला फसवून तिचा अंगठा घेतला आणि गांधीबागेजवळचा तिचा फोटो स्टुडिओ स्वतःच्या नावावर केला. मी निवृत्त झालो, तरी हे प्रकरण आठवले की डोके तापते.

खबर शेजारच्या कापड दुकानदाराची. स्टुडिओचा मालक, म्हणजे मामीचा नवरा, वारून सहा महिने झालेले, दुकान बंद, पण दुपारी आत कोणीतरी असते, असे त्याचे म्हणणे. शटर अर्धे वर करून मी आत वाकलो. अंधारात म्हातारी बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या पिशवीत, तोंड माझ्याकडे, नजर कुठेच नाही. मांडीवरची पिशवी जनावरासारखी हलत होती. समोर तिपायी स्टँडवर कॅमेरा, रिकाम्या खुर्चीवर रोखलेला. नोकरीत मी प्रेते उचलली आहेत. अंगावर काटा मात्र तिथे आला.

"दिवा लावू नोको बाबू," ती म्हणाली. "माहं काम होऊ दे."

त्या पिशवीत उजेड शिरत नाही, तरी तिची सवय अंधाराचीच. नवऱ्याचे रोल आतल्या आत चकरीवर गुंडाळून डब्यात बंद करायचे, हे काम तिने आयुष्यभर चाचपून केले होते. मग तिने घडलेले सांगितले: अंगठा घेतला त्या दिवशी भाच्याने तिला कॅमेऱ्यासमोरच्या त्याच खुर्चीवर बसवले, निराधार योजनेचा फॉर्म आहे म्हणून सांगितले. तिने हात मागे घेतला, तेव्हा अंगठा धरून कागदावर दाबला. कॅमेऱ्याला लांब नळी होती, टोकाला रबरी फुगा. तो दाबला की फोटो निघतो. तिने दुसऱ्या हाताने पदराआड तो दाबला. कागदासाठी दिवे भाच्यानेच लावले होते. नवऱ्याचा शेवटचा रोल कॅमेऱ्यात होता, तो आता डब्यात गेला.

"धुवेपर्यंत उजेडात उघडजो नोको," असे बजावून तिने डबा माझ्या हातात दिला.

भाचा ठाण्यात छाती काढून बसला. अंगठा मामीने घरी, राजीखुशीने दिला; मामा गेल्यापासून आपण दुकानात पाऊल टाकलेले नाही. मी शिपायाचा फौजदार झालेला, बाजारात घासाघीस करत वाढलेला माणूस. समोरच्याला बोलू द्यायचे, आपण गप्प राहायचे, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. कॅमेऱ्याची काढून आणलेली नळी मी टेबलावर ठेवली आणि फुगा दाबला. फुस्स.

त्याने मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

"त्या दिवशी मामाचा कॅमेरा वाजला साहेब," तो पुटपुटला. "कट्ट. मी पाह्यलं तं तिथं कोणीच नव्हतं. मामीचा हात सोडून पळालो मी."

पण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. सगळी मदार डब्यावर. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला ठाणेदार स्वतः बसले, खिडकीतून ऊन टेबलावर आलेले. फिल्म आधी धुऊन घेऊ, मग उघडू, असे मी तीनदा सांगितले, आवाजही चढवला.

"बंद डब्याचा पंचनामा होते काय गा?" ते म्हणाले. "काय जप्त केलं ते पंचाले दिसलं पाहिजे. उघड."

झाकण मी फिरवले. आत चकरीवर गुंडाळलेली फिल्म होती. पंचांनी पाहिली, सह्या केल्या. उजेड लागलेली ती फिल्म धुतल्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळी निघाली.

भाचा सुटला. म्हातारीचा स्टुडिओ गेला. पुरावा नष्ट केल्याचा ठपका माझ्या सेवापुस्तकात आला; आदेश कोणाचा, ते कुठेच लिहिलेले नाही. मी शिकलो ते एवढेच, की वरिष्ठांचा चुकीचा हुकूम आधी लेखी मागावा आणि मगच हात पुढे करावा.

ठाणेदारसाहेब, तुम्ही याच शहरात राहता. म्हातारीही जिवंत आहे. तिच्यासमोर जाऊन बसा आणि तो डबा कोणी उघडायला लावला, ते तुमच्या तोंडाने सांगा.