रविवारची उचकी

विशाखा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेली होते. रविवार होता, पोह्यांवरची तर्री गार होऊन तिच्यावर तेलाचा तवंग धरला होता आणि माझा नवरा मिलिंद अंगणात गाडीचं बॉनेट उघडून बहिणीची वाट बघत उभा होता. "विशू येऊ दे, मग खातो," हे त्याचं पुन्हा पुन्हा सांगून झालं होतं. पुलगावहून वर्ध्याला यायला असा कितीसा वेळ लागतो? मी मनातल्या मनात तिला चांगली फैलावर घेत होते आणि तेवढ्यात तिच्या शेजारणीचा फोन आला. सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. मी अंगणात जाऊन मिलिंदला सांगितलं. त्यानं आधी बॉनेट हळूच लावलं, फडक्यानं हात पुसले आणि मग म्हणाला, "काय म्हणालीस?"

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिचे आयटीआयचे कितीतरी विद्यार्थी आले होते. ती तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. सगळे बोलले, मलाही बोलायला लावलं. "ती माझी नणंद नव्हती, मैत्रीण होती," असं मी म्हटलं आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काय करणार, पांढरी साडी नेसून माईकसमोर उभं राहिलं की माणूस असंच बोलतं. पण ती नणंदच होती हो, अगदी अस्सल नणंद, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तिच्यावर जळत होते. जळत होते म्हणजे काय, अजून जळते. आता पेपरच्या पुरवणीत तिच्यावर दोन शब्द लिहा म्हणून सांगितलंय, तर तेच लिहिते. खोटं लिहिलं तर वरून तीच हसायची.

मी नाशिकची. स्थळ चांगलं, मुलगा सरकारी खात्यात अभियंता, धाकटी एकच बहीण, म्हणून घरचे खूश होते. इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात आधीच एक संसार चालू आहे. भावा-बहिणीचा. दोघं बोलायला लागली की माझ्या कानाशेजारून गाडी सुटल्यासारखं व्हायचं. "काऊन वं, तुले सांगतलं नाई का?" "मले कायले सांगशील तू!" आणि मग दोघंही खो खो हसणार. मी विचारलं, काय झालं, की मिलिंद वळून अगदी पाठ्यपुस्तकात बोलायचा, "काही नाही, जुनी गोष्ट आहे." मला ती जुनी गोष्ट कधीच सांगितली गेली नाही. विशाखानं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "दादा हाये नं माह्यं डोकं खायाले, आनखी एक कायले पायजे?" लोकांना हे गोड वाटायचं. मला नाही वाटलं कधी.

त्यात ती गाडी आली. वर्ध्यात नालवाडीतल्या आमच्या घराला धड फाटकही नव्हतं आणि ह्यानं नागपूरहून जुनी, टर्बो इंजिनाची, बुटकी, हातानं गिअर टाकायची गाडी उचलून आणली. शर्यतीच्या गाडीची धाकटी बहीण म्हणे. बसायला जमिनीशी वाकावं लागतं, मागे बसलं तर मान मोडते, आणि आवाज असा की शेजारचं कुत्रं पलंगाखाली शिरायचं. बाजारहाटाला आपली माझी स्कूटीच बरी. पण गाडी आली त्याच दिवशी विशाखा पुलगावहून धावत आली, तिनं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाली, "अव बाप्पा! दादा, हे तं वाघीन हाये!" आणि पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसली. मला कोणी विचारलंही नाही. नवऱ्याच्या शेजारची सीट बायकोची, एवढी साधी गोष्ट सांगायला काय कोर्टात जायचं?

मग वाघीण आजारी पडली. चालता चालता मध्येच अडायची. तिसरा गिअर सोडून चौथा टाकला, अॅक्सिलरेटर दाबला, की क्षणभर काहीच नाही... आणि मग एकदम झटका देऊन पळत सुटायची. बरं, रोज नाही. चार दिवस ठणठणीत, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. गॅरेजवाल्याच्या दारात नेली की सद्गुणाची पुतळी. विशाखानंच तिला नाव दिलं. "दादा, गाडीले उचकी लागून राह्यली. कोन आठोन काढून राह्यलं बापा इची?" त्यावर दोघं इतकी हसली, इतकी हसली की मी पोळी करपवली.

उचकीवर उपाय सुरू झाले. प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला. इंजिनात हवा सोडणारी झडप काढून घासूनपुसून लख्ख केली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शेवटी विशाखानं स्टिअरिंगखाली खोचायचं एक यंत्र मागवलं. गाडीच्या कॉम्प्युटरला काय वाटतंय ते त्यातून मोबाइलवर दिसतं. तिची पद्धत अशी, की दादानं गाडी चालवायची आणि तिनं शेजारी बसून आकडे मोठ्यानं वाचायचे. पायानं किती मागितलं त्याला ती 'पाय' म्हणायची आणि झडप किती उघडली त्याला 'दार'. "पाय चाळीस, दार चाळीस. पाय पन्नास, दार पन्नास. पाय साठ, दार... बारा! आली, दादा, आली!" लहान मुलीसारखी ओरडायची. पाय मागतोय आणि दार उघडत नाही, म्हणजे मधे कोणीतरी अडवतंय, कोण ते शोधायचं. दर रविवारी सकाळी पोहे खाऊन दोघं सेलूच्या रस्त्याला लागायची, केळझरला टेकडीखाली चहा प्यायची आणि उन्हं चढल्यावर परत यायची. येताना तिच्या मांडीवर सीताफळं असायची, माझ्यासाठी. मला सीताफळ आवडतं हे मिलिंदला आजही ठाऊक नसेल. तिला ठाऊक होतं. धड चिडायला कारणसुद्धा देत नव्हती ती बाई!

एका रविवारी मी हट्टानं निघाले. "मीही येणार," म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरले नाही. विशाखा म्हणाली, "या नं वयनी, तुमी समोर बसा, मी मांगं बसतो." मिलिंद म्हणाला, "मग आकडे कोण वाचणार?" झालं. मी मागे, गुडघे छातीशी घेऊन. पवनार गेलं, सेलू गेलं, पुढे दोघांचं पाय आणि दार चाललेलं. मी डोळे मिटून, सगळ्या अंगाचे कान करून बसले होते, की निदान एकदा ती उचकी मला आधी कळू दे. आणि आली! गाडी अशी दचकली की मी ओरडलेच, "आली, आली!" मग विशाखा अगदी हळू, अगदी प्रेमानं म्हणाली, "वयनी, तो खड्डा होता." मिलिंद इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा या गाडीत पाऊल ठेवायचं नाही. ती असेपर्यंत ठेवलंही नाही.

मला राग गाडीचा नव्हता हो. हा माणूस यंत्राच्या आवाजातली केसाएवढी अडखळ ओळखायचा आणि तीही ओळखायची. मी सासरी आल्यावर कितीतरी महिने धड बोलत नव्हते, जेवत नव्हते, ते कोणाला ऐकू आलं नाही. म्हणजे तिला आलं होतं, तिनं एकदा विचारलंही होतं. पण मला त्यानं विचारायला हवं होतं.

ती गेल्यानंतर मिलिंद रडला नाही. स्मशानात नाही, घरी नाही. तिचं घर आवरायला आम्ही पुलगावला गेलो, तिथेही तो तिच्या कपाटासमोर नुसता उभा राहिला आणि मग पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त करत बसला. गाडीला त्यानं हात लावला नाही. आठवडे गेले, बॅटरी उतरली, काचेवर धूळ साचली. घरात तो नीट जेवायचा, नीट उत्तरं द्यायचा, आणि मला भीती वाटायला लागली की हा माणूस आता असाच राहणार. शेवटी मीच गॅरेजवाल्या गुड्डूभाऊंना बोलावलं. बॅटरी चार्जिंगला लावून ते निघाले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, ती उचकीही तेवढी बघून टाका. आता शोधायला कोणी नाही."

गुड्डूभाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "उचकी? ते तं कवाच गेली, भाभी. क्लचच्या पायडलवर स्विच राह्यते नं, तो खराब झालता. क्लच दाबलाच नाई, अन् गाडीले वाटे दाबला, मंग ते पेट्रोल तोडे. ताईनंच पकडलं. मी बदलून देल्ला. गेल्याच्या गेल्या दिवाळीची गोष्ट झाली."

गेल्याच्या गेल्या दिवाळीची! मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे त्यानंतरचे सगळे रविवार? उचकी शोधायला जातो, उचकी अजून सापडली नाही, आज जवळजवळ सापडली होती... हे सगळं काय होतं? मी आत गेले. मिलिंद पेपर वाचत होता. मी विचारलं. त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला, नाकारलं नाही. म्हणाला, "विशू म्हणाली, वहिनीला सांगू नको. मग हे बंद होईल."

"हे म्हणजे काय?"

"हेच. रविवार."

"मी काय बंद केलं असतं? मी कधी अडवलं तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "तू पण आली असतीस."

असं बोलणं ऐकल्यावर बाईनं काय करावं? मी स्वयंपाकघरात गेले, भांडी घासायला काढली, घासलेलीच होती, पुन्हा घासली. तिच्यावर इतकी जळले त्या दिवशी, जिवंतपणी कधी जळले नसेन. मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांच्या नणंदा वेगळ्या असतील.

पुढच्या रविवारी पोहे झाल्यावर मी चावी त्याच्यासमोर ठेवली. "ऊठ. केळझरला जाऊ." तो चावी घेऊन उठला. मी पुढचं डावं दार उघडून आत बसले आणि माझे गुडघे डॅशबोर्डवर आदळले. विशाखा ठेंगणी. सीट तिनं पार पुढे ओढून घेतलेली, तशीच होती. मी खाली हात घालून खटका शोधायला लागले तर मिलिंद म्हणाला, "राहू दे ना." मी राहू दिली. पवनारपर्यंत राहू दिली, सेलूपर्यंत राहू दिली. गाडी अजिबात अडखळत नव्हती, लोण्यासारखी चालली होती. कोणी आकडे वाचत नव्हतं. माझे गुडघे ठणकायला लागले, आणि एका वळणावर मला वाटलं, बास. या सीटसाठी मी आयुष्य काढलं, आता तिथेही तिच्याच मापानं बसू? मी खटका ओढला आणि पायानं रेटा दिला. खाट्कन आवाज करत सीट मागे गेली.

मिलिंदनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो रडायला लागला. असा रडला की त्याची पाठ हलत होती, गाडी हलत होती. बाजूनं ट्रक जात होते. मी हात त्याच्या पाठीवर ठेवला, पण खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की मी गेल्यावर हा असा रडेल का? आणि मला राहवलं नाही, मी ते विचारलंही. त्या वेळी, तिथेच.

त्यानं डोकं वर केलं. चेहरा पार ओला होता. माझ्याकडे असं बघितलं जसं मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

"तू गेल्यावर मी रडू कोनापाशी वं?"

मी पदरानं त्याचं तोंड पुसलं. 'वं' त्यानं आजवर फक्त तिलाच म्हटलं होतं.