तिच्या नावाचा थेंब

संत्र्याची वाईन मी सगळ्यात आधी उघडली. नाकाला साल येते, जिभेला गोड लागते आणि गिळल्यावर घशात कडू राहते. हा कडूपणा बियांचा. बायको सोललेल्या फोडी माझ्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, एक बी राहू देऊ नका. राहायच्याच. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामात आयुष्यभर पोती उचललेली ही बोटं, त्यांना संत्र्याची बी कुठून सापडणार.

मी चौथीपर्यंत शिकलो. वाईनबद्दल शिकलेली माणसं काय लिहितात, मला माहीत नाही. जिभेला लागलं तसं सांगतो.

बायको ज्या घरी स्वयंपाकाला जायची, तिथल्या बाई नाताळासाठी द्राक्षाची वाईन घालायच्या. तिथं ती शिकली. पण माहेर पारशिवनीकडचं, मोहाच्या झाडाखाली वाढलेली बाई, ती द्राक्षावर थोडीच थांबते! दरवर्षी फागुन लागला की सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत चिनी मातीची बरणी बसायची. त्यात फळं, साखर, यीस्ट, वरून फडकं. मग बाटल्या भरून वर्षभर पलंगाखाली. प्यायची ती पुढच्या फागुन-चैतात. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून बाटलीच्या गळ्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. केशरी चिंधी संत्र्याची, हिरवी द्राक्षाची, लाल बिटाची, जांभळी मोहाची.

यंदाच्या बाटल्या तिनं गेल्या फागुन-चैतात भरल्या आणि पावसाळ्यात ती गेली.

द्राक्षाची पातळ निघाली. गाडीवरची संध्याकाळची फुटकी द्राक्षं, त्यांच्याकडून किती अपेक्षा करायची. पण दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागतो. पोटात गेल्यावर ऊन लागल्यासारखी पसरते. बिटाची मात्र मला कधीच आवडली नाही. पहिल्यांदा तिनं ती केली, तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहत बसली होती.

"खरं सांगा जी."

"ढेकूळ चाटून राहिलो असं वाटते."

"वाडीत ट्रकामागं बसून काय काय पेत होते, तवा नाही लागलं ढेकूळ?"

"ते चाटत नव्हतो वं, गिळत होतो."

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. पुढच्या वर्षी पुन्हा बिटाची केली. यंदा तीच बाटली मी पूर्ण संपवली. चव तीच, ढेकळाची.

तिच्या माहेरची एक रीत होती. प्यायच्या आधी पहिला थेंब गेलेल्या माणसाच्या नावानं मातीवर टाकायचा. सिमेंटवर नाही, मातीवरच. आमच्या अंगणात माती उरली ती फक्त कढीपत्त्याच्या बुडाशी. तिथं वाकून ती बापाचं नाव घ्यायची, आईचं नाव घ्यायची, बोटानं थेंब टाकायची आणि मगच मला वाटी द्यायची. गेलेल्यांच्या आधी जित्यानं तोंड लावायचं नाही.

यंदा मी थेंब टाकला नाही. टाकायचा तर कोणाचं नाव घ्यायचं, ते मला कळत होतं. म्हणून मी दोन वाट्या भरायचो. एक माझी, एक तिची, तिच्या पाटाजवळ. सकाळी पाहिलं की तिची वाटी थोडी खाली गेलेली असायची. नागपूरचा उन्हाळा आहे, उडून जाते, एवढं मला समजते. वाटीत कधी मुंग्या मरून पडलेल्या असायच्या. तरी रोज उठल्यावर आधी वाटी बघायचो, मग तोंड धुवायचो.

आणि बरणी. ती रिकामी, धुऊन दाराआड पालथी घातलेली. तरी दुपारी पडलो की ऐकू यायची. वाईन उकळ्या घेते तेव्हा येतो तसा आवाज, बुडुक बुडुक, दम खात. उठून जवळ गेलो की बंद. परत येऊन पडलो की सुरू. मी तिच्यावर ओरडलो पण एकदा. बरणीवर की बायकोवर, ते सांगता येत नाही.

चैतात तिचा धाकटा भाऊ आला, पोत्यात मोहफुलं घेऊन. दरवर्षी आणतो. बहीण नाही हे माहीत असून आणली. संध्याकाळ होती. शेवटची बाटली मी तेव्हाच काढली होती, जांभळ्या चिंधीची. त्यानं दोन वाट्या पाहिल्या.

"माह्यासाठी मांडून ठेवली का भाऊजी? मी येणार हे कोणं सांगतलं?"

"तुह्यासाठी नाही गा. तुह्या बहिणीची आहे."

तो हसला नाही. पोतं खाली ठेवलं त्यानं.

"थेंब टाकला का तिच्या नावानं?"

"नाही."

"एकबी बाटलीचा नाही?"

"नाही म्हटलं ना."

"मंग काय पेली ते? वाटीतलं तिले मिळते का? मातीवर पडंल तेवढंच तिचं. अख्खा फागुन पेऊन राहिले तुम्ही, अन् तिले तहानलेलं ठेवलं."

मी म्हटलं, "तू गप बस, साळ्या. थेंब टाकला म्हणजे मेली असं होते."

"मेलीच आहे भाऊजी ते," तो म्हणाला. "माही बहीण होती, मले माहीत नाही का?"

बरणी ऐकू येत होती का तेव्हा, आठवत नाही. तहानलेलं हा एकच शब्द कानात होता. शेवटी दवाखान्यात ती पाणी मागायची आणि नर्स फक्त ओला कापूस ओठांवर फिरवू द्यायची.

मी जांभळी चिंधी सोडली. दोघं अंगणात गेलो. कढीपत्त्याच्या बुडाशी वाकलो, गुडघे दुखले. आयुष्यभर तिला नावानं हाक मारली नव्हती, तेव्हा मारली. थेंब टाकला. माती इतकी वाळलेली की पडता पडता गेला, डागही राहिला नाही.

"पाहा," मेव्हणा म्हणाला.

"चैतातली माती आहे, काहीबी पेते," मी म्हणालो. पण बाटली तिरपी केली आणि धार सोडली. तीही गेली. आणखी सोडली.

तळाशी उरली ती दोघांनी घेतली. मोहाची होती. वास चांगला, वाळल्या मनुकांचा, थोडा धुराचा. पण तोंडात घेतली आणि दात आंबले. पार सिरका. साखर कमी पडली की असं होते. गेल्या चैतात मला शुगर निघाली होती. डॉक्टर जे बोलला ते तिनं बरणीपर्यंत नेलं होतं.

मेव्हण्यानं तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याशी बोललो नाही. मातीकडे पाहून म्हणालो, "फसली वं. आंबून गेली."

मग उरलेली घेतली.