बगळा छाप खोबरेल, चौल

कुसुमआत्याचा संसार एका बगळ्यापायी मोडला, असं आमच्या घरात सांगतात. खोटं आहे.

आज तिला जाऊन बरीच वर्षं झाली. निदान आज तरी खरं सांगते.

गोष्ट १९३०च्या दशकातली. चौलला आजोबांचा खोबरेलाचा घाणा होता. डब्यावर बगळ्याचं लेबल. मुंबईत लोक खोबरेल मागतच नसत, "बगळा द्या" म्हणत.

आत्याच्या लग्नात जावई पंगतीत रुसून बसला.

तसा रिवाजच होता. जावयाने रुसायचं, काहीतरी मागायचं, मिळालं की घास घ्यायचा. कुणी घड्याळ मागे, कुणी सायकल.

याचं अलिबागला तेलाचं दुकान. याने आपल्या डब्यांवर लावायला बगळा मागितला.

आजोबा हसले. "घ्या की! चित्र तर आहे."

वर्षभरात जावयाच्या बगळ्यात शेंगदाण्याचं तेल मिसळू लागलं. शिव्या मात्र चौलला येऊ लागल्या.

आजोबा वकिलाकडे गेले. तेव्हा आपल्याकडे ट्रेडमार्क रजिस्टर करायची सोयच नव्हती. आधी कोणी वापरला, आणि नाव घेतल्यावर लोकांना कोणाचा माल आठवतो, त्यावर हक्क ठरायचा.

वकील म्हणाले, "पहिला वापर तुमचा, हे ठीक. पण भर पंगतीत परवानगी दिलीत, एकही कंडिशन न घालता! ती परत घेता येईल. पण गिऱ्हाईक फसतंय, हे सांगणार कोण?"

दोन्ही घरांतलं तेल ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती. आत्या.

अलिबागच्या कोर्टात समोरच्या वकिलाने खवचटपणे विचारलं, "माहेरचं तेल आणि सासरचं तेल, बाईंना फरक कळतो वाटतं?"

"मला कशाला? सासूबाईंना कळतो. डोक्याला लावायला त्या माझ्या माहेरचा डबा मागवतात."

"आणि दुकानातला बगळा?"

"तो गिऱ्हाइकांना. आमच्या घरात येत नाही."

कोर्ट हसलं. निकाल तिथेच लागल्यासारखा होता.

बाहेर नवरा एकटाच टांग्यात बसून निघून गेला. आत्या पायरीवर उभी. आजोबा म्हणाले, "चल. घाणा चालू ठेवून आलोय."

एवढंच.

म्हणजे संसार मोडला तो भेसळीने आणि टांगा हाकायला सांगणाऱ्या माणसाने. बगळ्याला नावं कशाला ठेवता?

जिंकल्यावर आजोबांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली: बगळा आमचा, दुसऱ्या कुणी वापरू नये.

पुढे तेल आत्याच पाहायची. वास घेऊन डबा परत पाठवायची. "हे बगळ्याखाली जायचं नाही." माझे दोन काका तेव्हा बहुधा दुपारची झोप घेत असत.

लेबलावर, बगळ्याच्या पायाशी, आजोबांचं नाव. पुढे "आणि सन्स".

मला कॉन्व्हेंटमध्ये घालायला घरात भांडली तीही आत्याच. तिथे इंग्रजी शिकल्यावर मी विचारलं, "आत्या, सन्स का? तुझं नाव का नाही?"

"विचारलं होतं गं. बाबा म्हणाले, लेबल बदललं की गिऱ्हाईक बिथरतं."

कायद्याने अगदी बरोबर. बाकी काय बोलायचं?

घाणा कधीच बंद पडला. आता बिथरायला गिऱ्हाईक उरलेलं नाही.

तेव्हा ही माझी जाहीर नोटीस.

चौलचा बगळा कुसुमआत्याचा होता. दुसऱ्या कुणी हक्क सांगू नये.

आत्या, नमस्कार.