सकाळी नऊची पोस्ट

दुसऱ्यांच्या नावानं लिहायचा धंदा केला की किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साठतात. पेण आणि रोह्यातल्या काही दुकानांच्या फेसबुक-व्हॉट्सअॅपवर ‘आम्ही’, ‘आमच्याकडे’, ‘आमची परंपरा’ असं जे येतं ना, ते सगळं मी लिहितो. माझी स्वतःची परंपरा एवढीच, की सोमवारी आठवडाभराच्या पोस्ट एका बैठकीत लिहायच्या आणि रोज सकाळी नऊला आपोआप जातील अशा लावून ठेवायच्या. सातत्य महत्त्वाचं! हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो.

*

पेणच्या शालनकाकू पोह्याचे पापड करतात. एकदा त्यांची पोस्ट गेली, ‘आजच्या कडक उन्हात वाळताहेत ताजे पापड!’ बाहेर आभाळ गच्च भरलेलं. काकूंचा फोन आला.

“अरे, लिहायच्या आधी खिडकीतून बघत जा की! शेजारीण विचारते, काकू, ऊन फक्त तुमच्याच अंगणात पडलं व्हय?”

तेव्हापासून काकूंच्या पोस्टमध्ये मी हवामान घालत नाही.

*

रोह्याला एक कडधान्यवाले शेठ आहेत. त्यांची आत्या जवळच्या निडी गावात वारली. सगळे नातेवाईक तिथं जमलेले, आणि बरोबर नऊला सगळ्यांचे फोन वाजले. ‘आज आमच्याकडे आनंदीआनंद! वालावर खास सवलत!’

मला हे नंतर कळलं. तेरावं झाल्यावर तोंड पाडून माफी मागायला गेलो. शेठ वालाच्या पोत्यात हात घालून बसले होते.

“आत्या जन्मभर माझ्याकडं सवलत मागायची रे,” ते म्हणाले. “मी कधी दिली नाय. तू दिलीस!”

येताना मला फार वाईट वाटलं.

*

पेणला गणपतीचा कारखाना चालवणारे अण्णा माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सुरुवातीला एकदा घाईघाईत मी एका मूर्तीचा फोटो टाकला, ‘बाप्पा तयार!’ रंग झाला होता, पण आखणी, म्हणजे डोळे रंगवणं, बाकी होतं. पेणमध्ये असा फोटो कोणी बाहेर दाखवत नाही, हे मला कोण सांगणार!

अण्णांनी ओरडाआरडा केला नाही. “पोस्ट काढ,” म्हणाले. “घाई तुला हाय, त्याला नाय.”

*

यंदा अण्णांचा हात कापायला लागला. आखणी त्यांची लेक मनीषा करते. मी बघितलंय, तिचा हात सुंदर चालतो. पण माझी रोजची पोस्ट तीच, ‘डोळ्यांची आखणी खुद्द अण्णांच्या हातची!’ त्या एका ओळीवर बुकिंग यायचं, मग कशाला बदला?

एका दुपारी मनीषानं मला कारखान्यात बोलावलं.

“दादा, हे खोटं हाय. रोज वाचून मला लाज वाटते. पण खरं लिहिलंस आणि लोक दुसरीकडं गेले, तर आपला कारखाना बंद पडंल. आता तूच सांग, काय लिहायचं?”

तासाभरात आठवडा उरकणारा मी! मोबाइल घेऊन बसलो, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एक ओळ धड जमेना. इतके दिवस मी तिचं काम तिच्या वडिलांच्या नावावर खपवत होतो, याची मला मनापासून शरम वाटली.

अण्णा मागं खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते.

“लिही,” ते म्हणाले. “यंदापासून आखणी माझी लेक मनीषा करते.”

मी लिहिलं. मनीषानं ब्रश रंगात बुडवला.

“अण्णा, पण ज्यांना तुमच्याच हातची मूर्ती हवी असेल, त्यांना काय सांगू?” मी विचारलं.

“त्यांना सांग, माझ्या हातची गेल्या वर्षी पाण्यात गेली.”