पाणी पाजायचं का, हे कोणी सांगायचं

काल धरमपेठेतल्या आमच्या इमारतीची टाकी धुतली. ब्लीचिंग पावडरचा वास जिन्यात आला आणि मी मनाने खापा गावातल्या विहिरीपाशी जाऊन पोचले.

सत्तरच्या दशकात मी तिथल्या नगरपालिकेत कारकून होते. कन्हान नदीच्या पुरानंतर गावात जुलाबाची साथ आली. मदतीला प्रादेशिक सेनेतले एक कॅप्टन आले. एरवी ते पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, गरज पडली की लष्करात. त्यांनी विहीर उपसून तिच्यात पावडर टाकली आणि मला पाणी तपासायला शिकवलं. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. फिकट पिवळा रंग आला की पाणी चांगलं.

चौथ्या दिवशी एका म्हातारीने त्यांना विचारलं, "साहेब, नातवाले पाजू का हे पाणी?"

"या बाईंना विचारा. मी उद्या जाणार, त्या इथंच आहेत."

जबाबदारी माझ्यावर ढकलली म्हणून मला त्यांचा रागच आला. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि ती उन्हात धरली. पाणी हळूहळू पिवळं झालं.

"पाज वं माय," मी म्हटलं.

तिने घागर भरली. साहेबांनी मला केवढा अधिकार दिला होता, ते आता समजतं. दुसऱ्या दिवशी ते गेले. सकाळी मी विहिरीवर पोचले, तर बाया घागरी घेऊन माझीच वाट पाहत होत्या.